विंडोज सोडताना मराठी अक्षरांचे काय होते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपवला. त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही. सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या येणे तेवढे थांबले, आणि ज्यांना हवी त्यांना काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ मिळाली. विंडोज ११ वर जायचे तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर हवा. २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले, अजूनही नीट चालणारे बहुसंख्य संगणक या अटींत बसत नाहीत. एखादे राज्य खालसा झाल्याची तारीख इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येते, पण रयतेच्या दप्तरांत तिचे पडसाद पुढची वीस वर्षे उमटत राहतात. या तारखेचेही तसेच आहे. हा धागा त्या दप्तरांविषयी आहे.

ठिकाण म्हणून भिवंडीतील नारपोली घेऊ. अंजूरफाट्याकडच्या अंगाला असलेला हा भाग यंत्रमागांचा, सायझिंगचा आणि आता गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांचा. मोडीत निघालेल्या यंत्राचे काय करायचे, हे या शहराला कोणी शिकवावे लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले माग भिवंडीच्या कारखानदारांनी विकत घेतले, दुरुस्त केले, आणि ते पुढे कित्येक दशके खडखडत राहिले. गिरणीच्या हिशेबात मेलेले यंत्र इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन पाळ्यांत चालत असे. तेव्हा चांगला चालणारा संगणक केवळ एका चिपअभावी टाकून द्या, हा सल्ला या गल्ल्यांत कोणाला पटणे कठीण.

अशा नारपोलीत डीटीपीच्या एका दुकानाची कल्पना करावी. हे दुकान कोणा एकाचे नाही. लग्नपत्रिका, देवीच्या उत्सवाची पावतीपुस्तके, सोसायटीची इतिवृत्ते, पतपेढीच्या नोटिसा, न्यायालयात द्यायचे अर्ज ज्या दुकानांत पंचवीस-तीस वर्षे टाइप होत आले, त्या सगळ्यांचे ते मिळून बनलेले चित्र आहे. दुकानदार पन्नाशीचा. त्याने डॉसचा काळा पडदा पाहिला आहे, आणि विंडोज ९५ पासून १० पर्यंतच्या सगळ्या पायऱ्या तो चढला आहे. हार्ड डिस्क फॉरमॅट करणे, हरवलेला ड्रायव्हर शोधणे, वीज जाऊन बिघडलेली फाइल अर्धी का होईना वाचवणे, हे त्याला येते. भिवंडीचे वीजवितरण २००७ साली खासगी कंपनीकडे गेले, त्याआधीचे भारनियमन ज्यांनी सोसले त्यांना या शेवटच्या कौशल्याची किंमत कळेल. पेजमेकर आणि कोरलड्रॉ ही तर त्याच्या बोटांची सवय. म्हणजे हा मनुष्य नवशिका नाही, आणि या गोष्टीतला सगळा पेच त्याच्या याच अनुभवात आहे.

त्याने लिनक्सचे नाव आधी ऐकले नव्हते असेही नाही. १९९६ पासून पीसीक्वेस्ट या इंग्रजी मासिकाने लिनक्सच्या सीडी वाचकांना वाटल्या होत्या. उबुंटूच्या फुकट सीडी २०११ पर्यंत टपालाने घरी येत. तरीही ही प्रणाली आपल्या गल्ल्यांत रुजली नाही. याचे कारण बहुतेक वेळा ‘लोकांना कठीण वाटले’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. लिनक्सचा पहिला डंका असायचा तो ‘पैसे पडत नाहीत’ असा, आणि ज्या बाजारात विंडोजची चोरटी प्रत संगणकासोबत आपोआप येत होती, तिथे या डंक्याला काय अर्थ होता? शिवाय २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून महाराष्ट्राच्या एका पिढीने संगणक शिकला, आणि त्या पिढीच्या लेखी संगणक म्हणजेच विंडोज. केरळने त्याच दशकात शाळांतून मुक्त प्रणाली आणली. आपल्याकडे तसे घडले नाही. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द हाताशी आहेत, इंग्रजीत त्या दोन्हींसाठी एकच शब्द वापरावा लागतो. ही भाषेने दिलेली सोय आपण फारशी वापरली नाही, हे मात्र नोंदवायला हवे.

तर पुतण्या पेनड्राइव्ह घेऊन येतो. “काका, आधी नुसतं चालवून बघा. काही पुसलं जाणार नाही.” लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू होते, जुनी मशीन एकदम हलकी झाल्यासारखी वाटते, प्रिंटरही बहुधा ओळखला जातो. पहिल्या आठवड्यात दुकानदाराला अडते ते बारीकसारीक गोष्टींत. सी आणि डी ड्राइव्ह नाहीत. सगळे एकाच तिरक्या रेघेपासून सुरू होते. ‘पत्रिका’ नावाच्या फाइलचे इंग्रजी स्पेलिंग मोठ्या लिपीत आणि लहान लिपीत लिहिले तर त्या दोन वेगळ्या फाइली ठरतात. सॉफ्टवेअर कुठूनतरी उतरवून त्यावर दोनदा टिचकी मारायची नाही, ते प्रणालीच्याच कोठारातून मागवायचे. काळ्या खिडकीत आज्ञा लिहिताना मात्र तो पुतण्यापेक्षा कमी बिचकतो, कारण डॉसवर त्याने हेच केले होते. नवशिक्याला ब्राउझर आणि ईमेल मिळाले की त्याचे स्थलांतर दुपारभरात संपते. जुन्याजाणत्याचे तसे होत नाही, त्याच्यामागे सामान असते.

ते सामान समोर येते एका गिऱ्हाइकामुळे. “दादा, मोठ्या भावाच्या लग्नाची पत्रिका तुमच्याकडंच केली होती. तीच काढा, नावं तेवढी बदला.” दुकानदार जुन्या डिस्कवरची फाइल उघडतो. पडद्यावर श्रीगणेशाच्या चित्राखाली रोमन अक्षरांचा निरर्थक चिखल उमटतो.

हे लिनक्सचे वैगुण्य आहे असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. विंडोजवर हीच फाइल कालपर्यंत नीट दिसत होती. खरे पाहता त्या फाइलीत मराठी कधीच नव्हती. ती तशी का नव्हती, हे समजण्यासाठी चाळीसेक वर्षे मागे जावे लागते.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. रोमन अक्षरांचे क्रमांक अमेरिकेत १९६० च्या दशकात ठरले. भारतीय लिपींसाठी काय करायचे, यावर आयआयटी कानपूरमध्ये संशोधन झाले, आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे ते काम आले. त्यातून जिस्ट कार्ड निघाले. संगणकाच्या पोटात बसवायचे हे कार्ड डॉसच्या पडद्यावर देवनागरी दाखवत असे. भारतीय लिपींसाठी इस्की नावाची क्रमांकांची सारणीही तयार झाली आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून मान्य झाली. या सारणीत एक मूलभूत शहाणपण होते: अक्षर कसे दिसते याला क्रमांक द्यायचा नाही, अक्षर कोणते आहे याला द्यायचा. ‘भिवंडी’ लिहिताना वेलांटी डोळ्याला भच्या आधी दिसते, पण उच्चारात ती भच्या नंतर येते. म्हणून साठवताना आधी भ, मग वेलांटी. दाखवताना तिला पुढे आणण्याचे काम यंत्राने करायचे.

विंडोजच्या तेव्हाच्या आवृत्त्यांना हे काम येत नव्हते. छपाईचा बाजार मात्र थांबायला तयार नव्हता. ऑफसेट आणि डीटीपी आले होते, वर्तमानपत्रांना रोज पाने लावायची होती. तेव्हा देशभरच्या कल्पक तंत्रज्ञांनी एक तोड काढली. रोमन फॉन्टमध्ये ज्या जागी इंग्रजी अक्षराचे चित्र असते, तिथे देवनागरीच्या तुकड्याचे चित्र बसवायचे. संगणकाला वाटावे की इंग्रजी लिहिले जात आहे. माणसाला दिसावी मराठी. कृतिदेव हा त्या घराण्यातला प्रसिद्ध फॉन्ट. त्यात ‘भारत’ हा शब्द लिहिला की फाइलीत एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे साठतात. कळांची मांडणी रेमिंग्टनच्या टंकलेखन यंत्रावरून घेतलेली असल्याने टायपिंगच्या क्लासात शिकलेली बोटे नव्या यंत्रावर सहज बसली. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, प्रत्येकाची सारणी निराळी. एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली की गोंधळ. काही सॉफ्टवेअरसोबत संगणकाच्या मागे लावायचा कुलूपवजा तुकडाही येई, आणि तो हरवला तर पैसे देऊन घेतलेली मराठी उघडत नसे.

या तोडीला हिणवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. नव्वदच्या दशकातली मराठी छपाई या तोडीवर उभी राहिली. तिची किंमत मात्र उशिरा कळली. अशा फाइलीत ‘नारपोली’ हा शब्द शोधता येत नाही. सभासदांची यादी अकारविल्ह्यांनी लावायला सांगितली तर ती रोमन कळांच्या क्रमाने लागते, आणि आपटे कुठल्या कुठे जाऊन बसतात. फॉन्ट काढून घेतला की मजकूर उरतच नाही. विंडोजवर पंचवीस वर्षे तो फॉन्ट नुसता तिथे होता म्हणून हे कोणाच्या ध्यानात आले नाही. घर बदलताना कपाट हलवले की मागची ओल दिसते, तसे हे लिनक्सवर आल्यावर दिसले.

१९९१ हे साल या कथेत विलक्षण आहे. इस्कीचे मानक त्याच वर्षीचे. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स झाली. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातील सर्व लिपींना एकाच सारणीत बसवण्याची ही योजना होती, आणि तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेला होता. म्हणजे मराठी अक्षरांची जागतिक जागा आणि लिनक्स, दोन्ही एकाच पावसाळ्याच्या आगेमागे जन्मली. त्यांची गाठ पडायला मात्र दहा वर्षे लागली.

विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आले ते विंडोज २००० पासून, मंगल या फॉन्टसह. हा फॉन्ट रेखाटणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) कवी होते, सुलेखनकार होते, जाहिरात व्यवसायात आणि पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी काम केले. त्यानंतर ते मुंबईच्या एनसीएसटी या शासकीय संस्थेशी जोडले गेले. त्याच संस्थेत इंडिक्स नावाच्या प्रकल्पात लिनक्सवर भारतीय लिपी दाखवण्याचे काम चालू होते, आणि तिथून जोशींचाच रघू हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली बाहेर पडला. विंडोज आणि लिनक्स यांच्यात एखादी तटबंदी असल्याच्या आवेशाने जे वाद घातले जातात, त्यांत हे सहसा विसरले जाते. एकाच मराठी माणसाच्या हाताने दोन्ही तटांच्या आतली अक्षरे काढली आहेत.

दुसरे उदाहरण याहून चमत्कारिक आहे. आज बहुतेक लिनक्स प्रणालींत मराठी ज्या लोहित फॉन्टमध्ये दिसत आली, तो रेड हॅट या कंपनीने २००४ साली मुक्त केला. मूळ अक्षरे पुरवली होती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपी विकणाऱ्याच कंपनीने. ज्या घराण्याच्या सारणीत दुकानदाराच्या पत्रिका अडकून पडल्या, त्याच घराण्याची अक्षरे मुक्त होऊन लिनक्सवर आली. इतिहासात शत्रू आणि मित्र शोधू जाणाऱ्यांची अशा ठिकाणी पंचाईत होते.

फॉन्ट आला म्हणजे काम झाले असेही नव्हते. वेलांटी पुढे आणणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, जोडाक्षरे जुळवणे हे शिकवणारे कार्यक्रम लिहावे लागले. प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन यांनी सुरू केलेल्या इंडलिनक्सने भारतीय भाषांसाठी या कामाला तोंड फोडले, आणि पुढे पुण्याच्या रेड हॅट कार्यालयातून बरेच काम झाले. ‘फाइल’ म्हणायचे की ‘संचिका’ यावर वाद घालत मेनूंचे मराठीकरण झाले. त्या वादांत संस्कृतप्रचुर शब्दांचा आग्रह धरणाऱ्यांनी वाचकाला जरा जास्तच दमवले, असे आज ते मेनू पाहताना वाटते.

मराठीची स्वतःची अडचण होती ती आणखी बारीक. देवनागरी म्हटली की तंत्रज्ञांसमोर हिंदी येई. हिंदीला ‘ॲ’ लागत नाही. तिथे ‘ऍ’ने काम भागते. त्यामुळे ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडले. तोपर्यंत ‘ॲड.’ असे वकिलाच्या नावामागे लिहिताना अ आणि चंद्र वेगवेगळे टाइप करायचे आणि ते एकमेकांवर बसतील अशी आशा करायची. दुसरा प्रश्न ऱ्याचा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे, आणि ते अंतर रवरच्या एका आडव्या केसाएवढे असते. हिंदीत हा केस नाही. जुन्या प्रणालींत तो कधी उमटे, कधी त्याचा रफार होई. लग्नाच्या हिशेबात आचार्यांना दिलेले पैसे वाचून कोणी भटजींकडे पाहिले असेल तर दोष त्या केसाचा. पुढे २००९ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने मराठीच्या वर्णमालेचे प्रमाणरूप ठरवणारा निर्णय काढला. मराठी वळणाचे ल आणि श कसे काढायचे तेही त्यात आले. हिंदी वळणाच्या फॉन्टांत ही अक्षरे परकी दिसत, आणि पत्रिका छापणाऱ्याच्या डोळ्याला ते पहिल्यांदा कळे.

आता दुकानदाराच्या डिस्ककडे परत येऊ. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, जुना फॉन्ट नव्या प्रणालीत नेऊन टाकायचा. वर्डमधल्या साध्या फाइली अशाने बहुधा पूर्ववत दिसू लागतात; लिनक्सला फॉन्टचे वावडे नाही. पेजमेकरच्या फाइली लिब्रेऑफिसला २०१५ पासून उघडता येतात, मात्र मांडणी जशीच्या तशी येईल याची हमी नाही. कोरलड्रॉचे तसेच. गंमत म्हणजे २००० साली कोरलने लिनक्ससाठी कोरलड्रॉ ९ काढले होते. तो प्रयोग टिकला असता तर आजचे पुष्कळ रडगाणे वाचले असते. दुसरी वाट रूपांतराची. जुन्या सारणीतला मजकूर घेऊन त्याचे युनिकोड करणारे कार्यक्रम आहेत. वेलांटी उचलून मागे न्यायची, रफार काढून आधीच्या जागी ‘र्’ म्हणून बसवायचा, अर्धी अक्षरे आणि काने जोडून पूर्ण अक्षर करायचे. शंभर ओळींत पाच-सहा चुका राहतात, आणि त्या नेमक्या नावांत राहतात, कारण नावे कोणत्याही कोशात नसतात. तिसरी वाट आळशी पण खात्रीची: जुने विंडोज लिनक्सच्या आत एका आभासी यंत्रात कोंडून ठेवायचे, त्याची इंटरनेटची जोडणी तोडायची, आणि गरज पडेल तेव्हा तिथे जाऊन फाइल पीडीएफ करून आणायची. पीडीएफमध्ये चित्र वाचते, मजकूर वाचत नाही.

यात एवढे पणाला काय लागले आहे, असे कोणी विचारेल. जुन्या पत्रिका कोणाला हव्यात? इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. या पट्ट्यातल्या आगरी घरांच्या लग्न-हळदीच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून नावांची जी रांग असते, तिच्यात भाऊबंदकी, सोयरिकी आणि त्या वर्षीची गावकी एकत्र नोंदलेली असते. उत्सवाच्या अहवालात कोणत्या माग-कारखान्याने किती वर्गणी दिली हे असते. कारखाना बंद पडला ते साल पुढच्या वर्षीच्या अहवालात नाव गळाल्यावरून कळते. सोसायटीच्या इतिवृत्तात पाण्याच्या टँकरचे हिशेब असतात. कोणत्याही सरकारी दप्तरात नसलेला नारपोलीचा १९९५ ते २०१० चा इतिहास अशा दुकानांच्या डिस्कवर आहे. कागद बहुतेक रद्दीत गेले.

मोडी लिपीशी याची तुलना सहज सुचते. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती. ती शिकवणे थांबले आणि दोन पिढ्यांत नातवाला आजोबांचे खत वाचता येईनासे झाले. पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल आजही वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. पण तुलना पुरती जुळत नाही, आणि न जुळणारा भागच महत्त्वाचा आहे. मोडी वाचायला डोळा तयार करावा लागतो, त्याला वर्षे जातात. हात बदलला की वळण बदलते. फॉन्टची सारणी मात्र एकदा हाती आली की एकाच दिवसात हजार फाइली उलगडतात, कारण तिथे हस्ताक्षर नाही. उलट बाजूने, मोडीचा कागद दोनशे वर्षे फडताळात पडून राहतो आणि तरी वाचता येतो. डिस्क दहा-पंधरा वर्षांत जाते. मोडीच्या वाचकाला घाई नाही. या फाइलींच्या वाचकाला आहे.

आणि फॉन्टची फाइलच हरवली तर? तेव्हा मजकूर हा साधा गुप्तलेख ठरतो. मराठीत काना सर्वाधिक येतो, ‘आहे’ वारंवार येतो, पत्रिकेच्या शिरोभागी बहुतेक वेळा ‘श्री’ असते. एवढ्यावरून सारणी पुन्हा बांधता येते. ज्यांना शिलालेखांच्या वाचनाच्या कथा आवडतात त्यांनी कोणाच्या तरी जुन्या डिस्कवर हा खेळ जरूर करून पाहावा. त्यासाठी लागणारी सगळी साधने लिनक्सवर आधीच असतात.

स्थलांतर पूर्ण होते का? प्रामाणिक उत्तर, क्वचितच. नारपोलीच्या माग-मालकाचे हिशेब टॅलीत आहेत, आणि टॅली विंडोजवरच चालते. जीएसटीच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. फ्लेक्स छापणाऱ्याला कोरल सोडवत नाही. लिनक्सच्या प्रचारकांनी हे मोकळेपणी सांगायला हवे, म्हणजे तिसऱ्या दिवशी चिडून परतणाऱ्यांची संख्या घटेल. एक संगणक विंडोजवर हिशेबासाठी आणि जुनी यंत्रे लिनक्सवर, असा मिश्र संसार हेच अशा दुकानाचे वास्तव असते. साध्या मागाशेजारी नवा माग लावलेली शेड भिवंडीत कोणाला विचित्र वाटत नाही.

दुकानदाराच्या बोटांना शेवटी टंकलेखन यंत्राच्या क्रमाची मांडणी लिनक्सवरही सापडते. आता तीच कळ दाबली की फाइलीत रोमन अक्षर जात नाही, मराठी जाते. तो गिऱ्हाइकाची पत्रिका रूपांतरित करतो, निमंत्रकांची नावे मोठ्याने वाचून घेतो. रूपांतरात दोन नावांतले ‘ऱ्या’ बिघडलेले असतात. “हे काका तर वारले,” गिऱ्हाईक पडद्याकडे बोट दाखवत म्हणते, “पण नाव राहू द्या. वरती घ्या, कै. लावून.” दुकानदार नाव वर घेतो. मग जुनी फाइल न पुसता दोन्ही एकाच फोल्डरात ठेवतो, आणि ज्या फॉन्टमध्ये ती केली होती तो फॉन्टही शेजारी नेऊन ठेवतो.